सोयाबीनचं विरजण

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
८ नोव्हेंबर २०२४

प्रिय आशाआत्या,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, इथं सगळे ठणठणीत आहेत. फोनवर मी एक सांगते, तुला ऐकू येत नाही, तू 'व्हय व्हय' म्हणून फोन तुझ्या घरधन्याच्या, पुंजाराममामांच्या हातात देतेस आणि मामा 'तिकडं थंडी पडली का' एवढं विचारून ठेवून देतात. तुझे कान रुसल्यापासून आत्या-भाचीचं धड बोलणंच झालेलं नाही. डोळे मात्र अजून गव्हातला खडा टिपतात, म्हणून लिहायचं ठरवलं. तुझे जावई शिवराज दर शनिवारी पैठणच्या कारखान्यात मशिनी बघायला येतातच. पत्र आणि पिशवी त्यांच्याकडे देत जाईन. उत्तरही त्यांच्याकडेच दे.

तर मी एक भानगड करून बसले आहे. माझ्या धाकट्या दिराचं, ऋतुराजचं, लग्न मे महिन्यात धरलंय. भाऊबीजेला सगळं घर जेवायला बसलं होतं आणि लग्नात काय काय ठेवायचं ते चाललं होतं. मी त्या दिवशी नूडल्स केल्या होत्या. कोबी, गाजर, पातीचा कांदा मोठ्या आचेवर परतून, वर लसूण-मिरचीचा घरी वाटलेला सॉस. पोरांनी ताटं चाटून पुसून ठेवली. सासऱ्यांनी, म्हणजे काकासाहेबांनी, ताट बोटानं लांब सारलं आणि म्हणाले, असलं खायचं तर गाड्यावर जाऊन खावं, घरात ही थेरं कशाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, लग्नात चायनीजचा स्टॉल ठेवणारच आहात ना, तो मी सांभाळते. सॉससुद्धा बाटलीतला नाही, एकूण एक घरचा.

काकासाहेब पाणी प्याले आणि म्हणाले, "ठरलं. मांडवात लोकांनी नावाजलं तर घरात काय शिजायचं ते तू ठरव. नाही नावाजलं तर लग्नानंतर वरण-भाकरीच्या पुढं जायचं नाही."

त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आता माघार घेतली तर जन्मभर दुसऱ्याच्या मर्जीनं फोडण्या घालाव्या लागतील.

मिरचीचा, लसणाचा, चिंच-गुळाचा सॉस मला येतो. अडलंय ते काळ्या सोया सॉसवर. तो सोयाबीनचाच करतात, आत्या. मामा दरवर्षी ज्याची पोती धान्याच्या मोंढ्यावर नेऊन घालतात तेच सोयाबीन. आपल्याकडे एवढं पिकतं आणि आपण त्यातला दाणा तोंडात टाकत नाही. मी त्याचं विरजण पार्सलनं मागवलं आहे. पण आमच्या फ्लॅटला ना ऊन, ना गच्ची. म्हणून सोबतचा डबा तुझ्याकडे पाठवते. त्यात उकडलेलं सोयाबीन आणि भाजलेल्या गव्हाचा भरडा आहे, विरजण लावलेलं आहे. ओल्या फडक्याखाली उबेला ठेव आणि तिसऱ्या दिवशी बघ. पुढं बरणीत मिठाच्या पाण्यात घालून उन्हात ठेवायचं, ते मागाहून कळवते. आणि कुणाला बोलू नकोस. सासरचे निम्मे पाहुणे पैठणचे, फसलं तर हसं होईल.

तुझी,
संस्कृती


पैठण
१६ नोव्हेंबर

चि. संस्कृती,

आशीर्वाद. तुझं पत्र मी चष्मा लावून दोनदा वाचलं. तुझ्या सासऱ्याला तोंडावर बोललीस ते मला आवडलं. आपल्या घराण्यातल्या बाया उशिरा बोलतात, पण बोलल्या की पुरून उरतात.

आता डब्याचं सांगते, पण मनाला लावून घेऊ नकोस. तिसऱ्या दिवशी फडकं उचललं तर सगळ्या दाण्यांवर बुरशी. खाली पांढरी, वर हिरवट पिवळी, लोकरीसारखी. पोरीनं घाईत दाणे नीट निथळले नसतील, वाफ कोंडली असेल. नेमकी त्याच वेळी शेजारची कडूबाई दारात. तिला दिसू नये म्हणून मी अख्खा डबा पदराखाली घेतला आणि ती जाईपर्यंत तशीच उभी राहिले. माझ्या भावाच्या लेकीच्या हातचं नासलं, असं गल्लीत कुणी म्हणायला नको.

मग तीन पाण्यांनी दाणे धुतले. चोळून चोळून बुरशी काढली, कडक उन्हात वाळवले. तरी वास हटेना. शेवटी म्हशीपुढं ठेवले. तिनं घमेलं चाटून लख्ख केलं, म्हणजे दाणे वाईट नव्हते. माझ्याही पहिल्या लोणच्यावर बुरशी आली होती, तुझ्या आजीनं कुणाला कळू दिलं नाही. तसंच हेही माझ्यापाशी राहील. मामांनासुद्धा सांगितलेलं नाही.

पुढच्या वेळी दाणे चाळणीत रात्रभर निथळू दे. मेथीची जुडी आणि थोडी बोरं पाठवते.

आशाआत्या


चिकलठाणा
२२ नोव्हेंबर

आत्या,

ती बुरशीच हवी होती गं.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. शिवराज म्हणाले, आता चव कशी होती ते म्हशीलाच विचारायला पाहिजे. चूक माझीच. मी नुसतं 'विरजण' लिहिलं, आणि विरजण म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढं दह्याची कवडी आली असणार. ही बुरशी हेच सोयाबीनचं विरजण. दूध जसं विरजणानं लागतं तसे दाणे तिच्यानं लागतात आणि मग त्यांची चव मोकळी होते. पांढरी, हिरवट पिवळी आली की झकास. काळी आली तर मात्र खुशाल टाकून द्यायचं.

विरजणाची निम्मी पुडी उरली आहे, पण माझा धीर उरलेला नाही. सोयाबीन उकडलं तेव्हा सासूबाई दोन दिवस नाकाला पदर लावून फिरत होत्या. पुन्हा उकडायला घेतलं तर त्या माहेरी जातील. आणि तुझ्यासारखीनं, पापडाच्या कडेला ओल लागली तरी ज्या बाईला झोप येत नाही तिनं, मुद्दाम बुरशी वाढवायची हे मी कुठल्या तोंडानं सांगू? सॉस मुरायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे आता नाही तर नाहीच. तू नको म्हणालीस तर मी काकासाहेबांना जमलं नाही म्हणून सांगून मोकळी होते. पुडी तेवढी पाठवते आहे.

संस्कृती


पैठण
३० नोव्हेंबर

चि. संस्कृती,

सासऱ्याला काही सांगायचं नाही. हे आधी लिहिते, बाकीचं मागून.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी सोयाबीन भिजत घातलं. मामा म्हणाले, "मोंढ्यावर जायचा माल भगुण्यात का घातला?" मी म्हटलं, माझ्या वाटणीचा आहे. उकडलं, गार केलं, गहू भाजून भरडले आणि तुझी पुडी लावली. इथं रात्री थंडी पडते, म्हणून परात चुलीमागच्या उबेला, भानवशीला ठेवली आणि वर ओलं फडकं, त्यावर जुनी गोधडी. जन्मभर मी बुरशी पुसत आले, आता उतारवयात बुरशीला पांघरूण घालत होते. हात धजत नव्हता, खरं सांगते. रोज सकाळी फडकं उचलताना डोळे मिटून उचलायची.

तिसऱ्या दिवशी अंगभर आली. इतकी देखणी की मी मामांना हाताला धरून आणून दाखवली. मामा म्हणाले, "हे फेकून दे." मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही.

मिठाचं पाणी लोणच्याला लागतं त्याहून खारट केलं. बटाटा वर तरंगायला लागला तेव्हा थांबले. मोठी बरणी गच्चीवर आहे, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलाय, रोज लाकडी पळीनं हलवते. कडूबाईनं विचारलं, काय आहे. मी म्हटलं गुडघ्याचं औषध. तिचेही गुडघे दुखतात हे मी विसरले होते.

आशाआत्या


चिकलठाणा
२४ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

तू शिवराजकडे दिलेली वाटीभर चव पोचली. सध्या तरी खारट पाणी आहे, त्यात सोयाबीनचा उग्रपणा. मुरायचं आहे अजून, असं स्वतःला सांगते.

बाकी माझे प्रयोग चालू आहेत. शहागंजातून तीळ आणि कारळं आणली, भाजून लसूण आणि लाल मिरचीबरोबर भरडली. परतलेल्या भाजीवर चिमूटभर टाकली की घमघमाट सुटतो. हे जमलं. जमलं नाही त्याचंही ऐक. सॉस दाट करायला कॉर्नफ्लोअरऐवजी तू दिलेला येसर, ते भाजल्या डाळी-मसाल्याचं पीठ, घातला. मंचुरियन कसलं, गोळे टाकलेली येसर आमटी झाली. शिवराजनी भाकरी कुस्करून दोनदा खाल्ली, पण लग्नात ती मंचुरियन म्हणून कुणाला वाढणार?

लग्नाचे आचारी सोमनाथ घरी येऊन गेले. काकासाहेबांनी माझ्यासमोरच त्यांना सांगितलं की चायनीजचं सूनबाई बघणार. सोमनाथ माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ताई, हा सॉस घरी होत नसतो, मी बाटल्यांची खोकी गाडीत ठेवतोच, ऐनवेळी हाक मारा. काकासाहेब लगेच म्हणाले, ठेवा. त्या 'ठेवा'चा राग अजून उतरलेला नाही.

ऊन कसं आहे तिकडं? बरणी ठीक आहे ना?

संस्कृती


पैठण
२२ मार्च

चि. संस्कृती,

ऊन लई आहे. दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. बरणीतलं पाणी आता काळं-तांबडं झालंय, दादरा सोडला की भाजलेल्या गुळासारखा वास येतो. पहिल्यासारखं उग्र राहिलेलं नाही. काळजी करू नकोस.

उन्हानं थोडं आटलंय. खाली गेलंय जरा. उन्हाळ्यात असं व्हायचंच.

कडूबाईचे गुडघे बरे आहेत. मामा रात्री खिचडी मागून घेतात, पूर्वी खिचडी म्हटली की रुसायचे. वांग्याच्या भरितालाही आता त्यांना मीठ कमी-जास्त लागत नाही. वय झालं की माणूस निवळतो.

तू प्रकृतीला जप. लग्नाच्या कामात वाळू नकोस.

आशाआत्या


चिकलठाणा
१८ एप्रिल

आत्या,

मागच्या शनिवारी शिवराज तुझ्या गच्चीवर गेले होते. बरणी अर्ध्याच्याही खाली आहे म्हणतात. मी त्यांना म्हटलं, उन्हानं आटलं असेल. तर ते म्हणाले, आटलं असतं तर मीठ कडेला बसलं असतं, ही बरणी आतून पुसून घेतल्यासारखी आहे. आणि आत एक वाटी होती.

आत्या, लग्न तोंडावर आलंय. पत्रिका वाटून झाल्या. एवढ्या सॉसमध्ये वऱ्हाडातल्या पोरांचंसुद्धा भागायचं नाही. सोमनाथचा काल फोन आला, बाटल्या किती खोकी आणू विचारत होते. काकासाहेब शेजारीच बसलेले होते. मी म्हटलं, उद्या सांगते. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही, पण पान उलटायचं थांबले.

मला खरं काय ते सांग. रागावणार नाही. बहुतेक.

संस्कृती


पैठण
१९ एप्रिल

चि. संस्कृती,

जावईबापूंना ओट्यावर चहा देऊन थांबवलंय आणि हे लिहिते आहे.

खाल्लं. आधी मी बोटाला लावून बघितलं, फेब्रुवारीत. मग कांद्यावर टाकलं, मग खिचडीवर. मग मामांना कळलं आणि मग काही हातात राहिलं नाही. जो माणूस 'फेकून दे' म्हणाला तोच रात्री वाटी घेऊन गच्चीवर चढायचा. मला ऐकू येत नाही म्हणून जिना वाजला तरी कळायचं नाही, हे त्यांना बरोबर माहीत. आत सापडली ती वाटी त्यांचीच. तुला आटलं म्हणून लिहिलं कारण नवऱ्याची चोरी भाचीला कशी सांगायची?

पण घाबरू नकोस. अजून एक लपवलंय ते ऐक. नोव्हेंबरात परातीत बुरशी धरली होती त्याच दिवशी कडूबाई आली आणि मी गुडघ्याचं औषध म्हटलं तरी तिनं गोधडी उचलली. ती वास घेऊन म्हणाली, "आशाबाई, हे औषध नाय. ह्याचं विरजण दे मला." तू कुणाला बोलू नको म्हणाली होतीस. पण पोरी, दिवस मावळायच्या आत दारात येऊन विरजण मागितलं तर नाही म्हणता येत नाही. आजवर या दारातून कुणी विरजणाला रिकाम्या हातानं गेलेलं नाही. मी मूठभर दाणे दिले. तिनं आपल्या घरचं सोयाबीन लावलं. तिच्याकडून तिच्या जावेनं नेलं, जावेकडून मास्तरणीनं, आणि पुढं कुणी कुणी. आज आपल्या गल्लीत गच्च्यांवर सहा बरण्या उभ्या आहेत. कुणी तोंडातून शब्द काढला नाही, कारण मी सांगितलं होतं की माझ्या भाचीची अब्रू आहे.

सकाळी तुझं पत्र हातात पडलं तशीच फिरून विचारून आले. सगळ्या द्यायला तयार आहेत. एकच अट आहे, लग्नाला बोलवायचं. चव मात्र एकीची एकीला लागत नाही. कडूबाईचा खारट, जावेचा मवाळ, मास्तरणीनं गूळ घातलाय. ते जुळवायचं तू बघ.

सोमनाथला सांग, एकही खोकं नको.

आशाआत्या


चिकलठाणा
१६ मे

प्रिय आत्या,

लग्न होऊन चार दिवस झाले, पाहुणे आज पांगले, आणि मी पहिल्यांदा निवांत बसले आहे. तू दिवसभर माझ्या शेजारी स्टॉलवर पळी घेऊन उभी होतीस. सगळं डोळ्यांनी पाहिलंस. पण तुला ऐकू आलं नाही ते सांगायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

आदल्या दिवशी आपण सहाही बरण्यांमधला सॉस गाळून उकळला ना, तेव्हा मी तोंडानं एक बोलत होते आणि मनात देवाचा धावा करत होते. कडूबाई शेजारी होत्या. खारटात मवाळ घातला, त्यात गुळाचा घातला, पळीभर तुझा घातला. त्यांनी तळहातावर चाखलं आणि म्हणाल्या, "आता कुणाची बरणी कुठली, ते ओळखू येत नाय." तेव्हा मला कळलं की जमलं.

मांडवात आधी पोरं आली, ते तू पाहिलंस. कढईवर ज्वाळा उठली की ती ओरडत होती, कान किटले सगळ्यांचे, तू एकटी शांत. मग पोरांच्या मागं आया आल्या. मग पैठणकडचे फेटेवाले म्हातारे. त्यातल्या एकानं भाजीतली ढोबळी मिरची उचलून विचारलं की ही भाजी आपलीच आहे, मग चव कुठल्या मुलखाची? कडूबाई रांगेतून म्हणाल्या, "आमच्याच गल्लीची." आणि मागच्या बाया अशा हसल्या की वाजंत्रीवाले वळून बघायला लागले. तू मला खुणेनं विचारलंस काय झालं, आणि मी नुसतं 'नंतर' म्हटलं होतं. ते हे.

सोमनाथ आचारी दोनदा येऊन पातेल्यात डोकावून गेले. पहिल्यांदा विचारलं, कुठल्या कंपनीचा आहे. दुसऱ्यांदा ताट घेऊन आले आणि काही न विचारता खाल्लं. न सांगता दोन खोकी आणली होती त्यांनी. ती गाडीतून उतरलीच नाहीत. जाताना मला म्हणाले, "ताई, ह्याचं विरजण मिळंल का?" मी म्हटलं, दिवस मावळायच्या आत या.

आता काकासाहेबांचं. ते शेवटी आले, व्याह्यांना घेऊन. व्याह्यांनी दुसऱ्यांदा घेतलं, यांनी नाही घेतलं. मान खाली घालून खाऊन निघून गेले. मला वाटलं, झालं, माणूस काही बोलणार नाही. घासभर नावाजायलाही यांना जड जातं. मी फडक्यानं स्टॉलचं टेबल पुसत राहिले.

मग पंगती उठल्यावर ते एकटे परत आले. माझ्याकडे नाही, तुझ्यासमोर उभे राहिले. टोपी काढली, हात जोडले आणि बोलायला लागले. तुला वाटलं आणखी वाढ म्हणताहेत, म्हणून तू त्यांच्या हातात ताट दिलंस आणि काठोकाठ भरलंस. आत्या, ते वाढ म्हणत नव्हते. ते म्हणाले, "आशाताई, मी बोललो होतो ते पाळतो. आजपासून घरात काय शिजायचं ते संस्कृती ठरवंल. तुमची पोर आमच्या घरात आहे, हे आमचं नशीब."

सगळी भावकी ऐकत होती. शिवराज मागं उभे होते, त्यांचे डोळे भरले. मी तुला ओरडून सांगणार होते, पण तुझं सगळं लक्ष त्यांच्या ताटात. आणि तू त्यांना ताट दाखवून खा खा म्हणत होतीस, म्हणून त्यांनी ते सगळं उभ्या उभ्या खाल्लं.

काल सकाळी मी ओट्याशी उभी होते. सासूबाई आल्या, डब्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं, "आज काय करायचं?" बाहेर काकासाहेब कान देऊन बसलेले मला दिसत होते. सगळं घर वाट बघत होतं की ही आता काय परतणार.

मी म्हटलं, पिठलं-भाकरी. इतक्या दिवसांत मला तेच खावंसं वाटत होतं, आणि ते मी माझ्या मर्जीनं केलं.

तुझी,
संस्कृती